‘कन्फॉर्मिटी’साठी अनुपालन की अनुसरण?

नौपाडावासी:
ठाण्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानासाठी मी समाजमानसशास्त्रावरील टिपण मराठीत करीत आहे. त्यात सॉलोमन ॲश यांचा १९५१ चा प्रयोग येतो. दिलेल्या रेषेइतकी लांब रेषा तिघींतून ओळखायची, एवढेच काम; मात्र खोलीतील इतर सर्वजण आधी ठरवून चुकीचे उत्तर मोठ्याने देतात आणि खऱ्या सहभागीची पाळी शेवटाकडे येते. अशा फेऱ्यांतील सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्या चुकीच्या बहुमताबरोबर गेली. गटाचे पाहून तसेच करण्याच्या या वागण्याला इंग्रजीत ‘कन्फॉर्मिटी’ म्हणतात; मी त्याला ‘अनुपालन’ म्हटले. टिपण तपासणाऱ्या प्राध्यापकांनी ते खोडून ‘अनुसरण’ केले. मला दोन्ही पुरेसे वाटत नाहीत. आपले मत काय?

खाडीकाठ, ऐरोली:
ताई, अनुपालन नियमाचे होते, आणि ॲश यांच्या खोलीत नियम किंवा हुकूम नव्हताच. हुकूम पाळण्याचा अभ्यास स्टॅनले मिलग्रॅम यांचा, १९६३ चा. त्याला आज्ञापालन हा शब्द आहे. अनुसरणात मनाची ओढ असते, तर ॲश यांच्या कित्येक सहभागींना आपले डोळे खरे सांगत आहेत हे कळत होते आणि तरीही ते गटाबरोबर गेले. मी सरळ ‘री ओढणे’ लिहीन.

वाशीतला वाचक:
री ओढणे बोलण्यात शोभते. परिभाषेतील शब्दापासून नाम, विशेषण, विरुद्धार्थी शब्द असे सगळे घडवता आले पाहिजे. ‘समूहानुरूपता’ घ्यावे, रुळायला वेळ लागेल, पण ‘संगणक’ही एकदा परकाच वाटला होता. शिवाय ही ‘री’ सप्तकातील रिषभाची असावी असा माझा तर्क आहे.

कोपरीकर:
रिषभाचा येथे संबंध नसावा. आमच्या गावी गोंधळात मुख्य गायकाच्या ओळीचा शेवट झीलकरी लांबवीत असत, आणि त्यालाच आजी री ओढणे म्हणत असे. झीलकऱ्याला ओळ पटली आहे का, हे कोणी विचारत नाही, म्हणून हा शब्द ॲश यांच्या खोलीला नेमका लागतो.
आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत हात वर करून मत घेतले, तेव्हा विरोधात एकही हात दिसला नाही; जिन्यात मात्र तीच माणसे शंका बोलून दाखवीत होती. पुढे चिठ्ठ्या टाकून मत घेतले, तेव्हा विरोध उघड झाला. ॲश यांनीही सहभागीला उत्तर कागदावर लिहू दिले, तेव्हा गटाबरोबर जाणे बरेच घटले.

नौपाडावासी:
मग मुझफर शेरीफ यांचे काय करायचे? त्यांच्या १९३५ च्या अभ्यासात अंधाऱ्या खोलीत स्थिर प्रकाशबिंदू हलल्यासारखा भासतो आणि तो किती हलला हे सांगायचे असते. गटात बसल्यावर माणसांचे अंदाज एकमेकांच्या जवळ आले आणि नंतर एकटे असतानाही तसेच राहिले. येथे कोणी दबून बोलत नव्हते, त्यांना ते खरेच तसे दिसू लागले होते. याला री ओढणे म्हणता येणार नाही.

खाडीकाठ, ऐरोली:
हा भेद डॉइच आणि जेरार्ड यांनी १९५५ मध्ये मांडला आहे: एक प्रभाव वेगळे पडू नये म्हणून, दुसरा इतरांना अधिक कळत असेल म्हणून. मराठीत पहिल्यासाठी ‘जनलज्जा’ आहे आणि दुसऱ्यासाठी ‘पाचामुखी परमेश्वर’. दोन्हींना एकाच शब्दात कोंबण्याचा हट्ट मला अनावश्यक वाटतो.

वाशीतला वाचक:
हट्ट नव्हे, शास्त्राची गरज आहे. व्यापक संज्ञा नसेल तर प्रकार कशाचे पाडणार? आणि ‘बहुमत’ हा शब्द केवळ निवडणुकीपुरता नाही. ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता’ असे तुकोबा सांगतात, तेव्हा त्यांनी याच प्रश्नाला हात घातलेला आहे.

कोपरीकर:
मग जो मानत नाही, त्याला काय म्हणायचे? ॲश यांच्या खोलीत एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी सहभागीच्या चुका झपाट्याने कमी होत. त्या माणसासाठी आपल्याकडे ‘आगाऊ’, ‘फुटीर’, ‘विघ्नसंतोषी’ असेच शब्द सापडतात. सभेत माझ्यासाठी यांतील दोन वापरले गेले.

वाशीतला वाचक:
‘स्पष्टवक्ता’ आहे की.

खाडीकाठ, ऐरोली:
ते बोलण्याच्या धाटणीचे वर्णन झाले. त्या खोलीतील माणूस हळू आवाजात बोलला असता, तरी चालले असते.