व्हीएमचं टेम्पलेट भरलेलं ठेवायचं की कोरं?

दाभोळकिनारा
आमच्या ग्रुपवर परवा एकाने ठणकावून सांगितलं, की व्हीएमच्या (होस्टवर चालणाऱ्या आभासी मशीनच्या) टेम्पलेटमध्ये, म्हणजे ज्याचे क्लोन काढायचे त्या नमुन्यात, नुसती ओएस ठेवावी आणि बाकी सगळं मशीन उभं राहिल्यावर अ‍ॅन्सिबलने (सेटअप आपोआप करणाऱ्या टूलने) चढवावं, तेच शास्त्रशुद्ध. मला पटत नाही. निदान आपल्या किनारपट्टीवर तरी नाही.

मी रत्नागिरी-राजापूर पट्ट्यातल्या लहान संस्थांचे सर्व्हर बघतो. पतपेढ्या, आंबा कॅनिंगवाले, एखादं हॉस्पिटल. बहुतेक ठिकाणी प्रॉक्समॉक्सचा (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) एक होस्ट, बॅकअपला एक एनएएस (नेटवर्कवरची डिस्कपेटी) आणि बाहेर जाणारा एकच फायबर. आज हायवेचं काम, उद्या पाणीयोजनेची खोदाई; जेसीबीच्या तोंडी तो कधी येईल सांगता येत नाही. भर पावसात होस्ट बदलायची वेळ आली तर नवीन व्हीएम इंटरनेटवरून पॅकेजं ओढत बसणार का?

म्हणून मी पॅकरने (टेम्पलेट आपोआप बांधणाऱ्या टूलने) दर महिन्याला टेम्पलेट बांधतो. उबुंटूची आयएसओ, ऑटोइन्स्टॉलची फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहिलेली उत्तरं), आणि तीच अ‍ॅन्सिबलची प्लेबुकं (पायऱ्यांच्या फाइली), फक्त ती बांधतानाच चालवायची. पोस्टग्रेस डेटाबेस, एनजिनएक्स वेबसर्व्हर, मॉनिटरिंगचा एजंट सगळं आत. जागेवर क्लोन मारायचा आणि क्लाउड-इनिटला (पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामला) होस्टनेम, आयपी, एसएसएचची (दुरून लॉगिनची) चावी द्यायची. नेट असो नसो, मशीन उभं. बोला.

कुडाळचा_रूट
असहमत. 'दर महिन्याला' हे कागदावर. गणपतीत, मे महिन्यात, मार्चएंडला कोण बांधतं ते मला माहीत आहे.

१ जुलै २०२४ आठवा. ओपनएसएसएचमधलं 'रिग्रेशन' नावाचं भोक जाहीर झालं, ८.५पी१ ते ९.७पी१ आवृत्त्यांमध्ये. उबुंटू २२.०४ त्यात आलं, डेबियन १२ही आलं. त्या आठवड्यात ज्याने जूनचं टेम्पलेट क्लोन केलं, त्याने नवंकोरं मशीन जुन्या भोकासकट उभं केलं. आणि वर समाधान की बघा, दोन मिनिटांत झालं! कोऱ्या टेम्पलेटला हा धोका कमी, कारण पहिल्या बूटलाच पॅकेजं ताजी होतात. क्लाउड-इनिटमध्ये अपग्रेडची एक ओळ घातली की झालं.

दाभोळकिनारा
@कुडाळचा_रूट, ती ओळ माझ्याकडेही आहे. नेट असेल तर अपग्रेड होतं, नसेल तर मशीन निदान चालू तरी होतं. तुमच्या कोऱ्या टेम्पलेटवर नेट नसेल तर काय होतं? लॉगिन प्रॉम्प्ट. पतपेढीच्या कॅशियरला लॉगिन प्रॉम्प्ट दाखवून काय उपयोग?

आणि चालू मशीनचं पॅचिंग वेगळं. ते दोघांनाही करावंच लागतं.

माडाची_सावली
माका एक सांगा, दोन सर्व्हर असलेल्या पतपेढीक पॅकर कशाक व्हयो?

हाताने एक व्हीएम नीट बसवायचा, 'कन्व्हर्ट टू टेम्पलेट' दाबायचं, विषय संपला. तुमच्या त्या पॅकरने माझी एक अख्खी रात्र खाल्ली आहे. तो बूट कमांड अक्षर अक्षर टाइप करतो, म्हणजे कुणी कीबोर्डवर बसल्यासारखा. होस्ट मंद असला की ग्रब (बूटचा मेनू) यायच्या आधीच हा टाइप करून मोकळा, आणि इन्स्टॉलर बसतो भाषा विचारत. मग पॅकर एसएसएचची वाट बघतो, कंटाळतो आणि व्हीएमच पुसून टाकतो. काय बिघडलं ते बघायलाही काही शिल्लक ठेवत नाही.

खारेपाटण_पूल
@माडाची_सावली, हाताने बसवलेल्या टेम्पलेटचाच परिणाम मी सावंतवाडीकडे एका ऑफिसात निस्तरला. वेंडरने उबुंटूचा चालू व्हीएम तसाच टेम्पलेट करून त्याचे क्लोन काढले होते. लाईट गेली, आली, होस्ट परत चालू झाला आणि बिलिंगचं मशीन घटकेत दिसायचं, घटकेत गायब. वेंडर स्विच बदला म्हणत होता.

स्विचचा काही संबंध नव्हता. उबुंटू सर्व्हरचा डीएचसीपी क्लायंट (नेटवर्ककडे आयपी मागणारा) आपली ओळख मॅक अ‍ॅड्रेसवरून नाही, मशीन-आयडीवरून देतो. दोन्ही क्लोनमध्ये आयडी एकच, म्हणून डीएचसीपीने दोघांना एकच आयपी वाटला. एसएसएचच्या होस्ट-कीही (मशीनची ओळख पटवणाऱ्या चाव्या) दोघांच्या सारख्याच निघाल्या. टेम्पलेट करण्याआधी मशीन-आयडीची फाइल रिकामी करायची (उडवायची नाही, रिकामी करायची), होस्ट-की काढायच्या, 'क्लाउड-इनिट क्लीन' चालवायचं. हे हाताने करणारा माणूस तिसऱ्या वेळी एखादी पायरी विसरतोच. पॅकरच्या फाइलीत ते एकदा लिहिलं की विसरायला जागाच नाही.

देवगडबंदर
विंडोजवाले गप्प का? २००९ साली मार्क रुसिनोविचने न्यूएसआयडी हे आपलंच टूल बंद केलं आणि सांगितलं, मशीनचे एसआयडी (विंडोजचे ओळख-क्रमांक) सारखे असले तरी सहसा बिघडत नाही. तेव्हापासून अनेकांनी सिसप्रेप (क्लोनआधी ती ओळख पुसणारं विंडोजचं टूल) सोडून दिलं. आता २०२५च्या ऑगस्टअखेरच्या अपडेटनंतर विंडोज ११ २४एच२ आणि सर्व्हर २०२५ एसआयडी तपासतात, आणि सारखे सापडले तर केर्बेरॉस, एनटीएलएम या लॉगिन तपासायच्या दोन्ही पद्धती अडतात. सिसप्रेपला 'जनरलाइझ' लावल्याशिवाय विंडोजचं टेम्पलेट करूच नका.

वाशिष्ठीकाठ
चिपळूणहून. भरलेलं की कोरं हे ठरवत बसा, पण ते टेम्पलेट ठेवता कुठे? त्याच होस्टवर ना? २२ जुलै २०२१ला बाजारपेठेत तळमजल्यावर जे होतं ते सगळं पाण्यात गेलं. टेम्पलेटचा व्हीझेडडम्प (प्रॉक्समॉक्सचा बॅकअप) काढून वरच्या मजल्यावर, जमलं तर दुसऱ्या गावात. आणि लिंक्ड क्लोन वापरत असाल तर सांभाळा, तो मूळ टेम्पलेटच्या डिस्कवर लटकलेला असतो. जागा वाचते म्हणून मोह होतो. महत्त्वाच्या मशीनला फुल क्लोनच, म्हणजे स्वतःची पूर्ण डिस्क असलेला.

कुडाळचा_रूट
पुन्हा मुद्द्यावर. नेट नाही हा प्रश्न असेल तर एनएएसवर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी (एकदा ओढलेली पॅकेजं साठवून ठेवणारं) चढवा. कोरं टेम्पलेट, पॅकेजं लोकलहून.

दाभोळकिनारा
कॅशमध्ये तेच असतं जे आधी कुणीतरी मागितलेलं असतं. आणि पॅकेजची यादी ताजी करायलाही बाहेर जावंच लागतं. पूर्ण मिरर (सगळ्या पॅकेजांची प्रत) ठेवलात तर गोष्ट वेगळी, पण लहान ऑफिसच्या एनएएसवर तेवढी जागा कुणी देत नाही. कुडाळात मिळत असेल तर आनंद आहे.

कुडाळचा_रूट
पूर्ण मिरर कशाला? लागतात तेवढ्याच पॅकेजांचा ठेवा. तुमचं भरलेलं टेम्पलेट तरी दुसरं काय आहे? फक्त ते एका डिस्कमध्ये घट्ट बसवलेलं. माझा साठा मी एकेक पॅकेज बदलून ताजा करू शकतो, तुम्हाला अख्खं टेम्पलेट नव्याने बांधावं लागतं.

दाभोळकिनारा
बांधावं लागतं, आणि बांधल्यावर ते चालतं की नाही हे मला माझ्या टेबलावर कळतं, राजापूरला संध्याकाळी सात वाजता नाही. माझा खरा मुद्दा हाच आहे.

@माडाची_सावली, पॅकरला 'ऑन-एरर=आस्क' द्या, बिघडलं की पुसायच्या आधी विचारतो. 'बूट वेट' मुळात १० सेकंद असतो, मंद होस्टवर वाढवा. आणि ऑटोइन्स्टॉलची फाइल पॅकर स्वतःच्या छोट्या एचटीटीपी सर्व्हरवरून देतो, ८००० ते ९०००मधला कुठलातरी पोर्ट घेऊन. लॅपटॉपचा फायरवॉल तो अडवतो, आणि मग इन्स्टॉलर भाषा विचारत बसतो. तुमची रात्र बहुतेक तिथेच गेली असणार.

माडाची_सावली
फायरवॉल! आसात, आसात. तुमची फाइल हय टाकशात काय? तरी दोन सर्व्हरांक ह्या जास्तच होता, ह्या माझा म्हणणा कायम.

कुडाळचा_रूट
टाकताना पासवर्डचा हॅश काढून टाका. आणि बांधकामापुरता जो युजर करता, सुडोवाला (सगळे अधिकार असलेला), तो शेवटच्या पायरीत उडवता का? मी आजवर बघितलेल्या बहुतेक भरलेल्या टेम्पलेटांत तो तसाच राहिलेला असतो, आणि प्रत्येक क्लोनमध्ये त्याच पासवर्डने आत जाता येतं.

दाभोळकिनारा
उडवतो. शेवटच्या शेल स्क्रिप्टमध्ये त्याचा पासवर्ड लॉक, सुडोची फाइल काढलेली, आणि पहिल्या बूटला क्लाउड-इनिटमधून युजर पुसायची कमांड. चालू सेशनमधून स्वतःलाच काढता येत नाही, म्हणून दोन टप्पे. फाइल रात्री टाकतो.