मदत हवी आहे : छायाबाहुल्या आणि प्रोजेक्शन एकाच पडद्यावर

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या चामडी छायाबाहुल्या, त्याच कापडावर मागून प्रोजेक्ट केलेलं ॲनिमेशन आणि थेट वादन, असा १२ मिनिटांचा प्रयोग आहे. त्याचाच लघुपटही करायचाय.

पडदा पांढरा सुती, ६ बाय ४ फूट. एलईडी पॅनलने सावलीच्या कडा विरघळत होत्या. स्रोत ३० सेमी रुंद, दिव्यापासून बाहुली दीड मीटर आणि पडद्यापासून १० सेमी, म्हणजे कड २ सेमी पसरणारच. रिफ्लेक्टर काढलेल्या ३ सेमीच्या सीओबी दिव्याने (एकाच छोट्या ठिपक्यात दाटीने बसवलेले एलईडी) ती २ मिमीवर आली, बाहुलीची जाळीही नीट उठते.

अडलंय ते पुढे. दिवा लावला की ॲनिमेशन फिकं पडतं; डिमरने मंद केला की कॅमेऱ्यात पट्टे सरकतात (सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद). डिमरऐवजी एनडी जेल (रंग न बदलता उजेड कमी करणारी करडी फिल्म) लावायची का?

प्रोजेक्टर डीएलपी (रंग एकामागून एक टाकणारा) आहे, लॅपटॉप ६० हर्ट्झवर. त्याचेही रंगीत पट्टे दिसतात. ५० हर्ट्झ केल्यावर जातील, की तिन्ही रंग एकदम टाकणारा थ्री-एलसीडी प्रोजेक्टरच भाड्याने आणावा? ‘पोस्टमध्ये काढू’ (म्हणजे नंतर संपादनात) हा सल्ला कृपया नको, प्रेक्षक समोर बसलेले असतात.