गोवा सत्याग्रहात आजोबांनी खाल्लेला मार वाया गेला का?

खांद्यावरचा_झेंडा (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढतोय. माझे आजोबा (आईचे वडील) १९५५ च्या ऑगस्टमध्ये गोव्याच्या सत्याग्रहाला गेले होते. बांद्यापर्यंत ट्रकने आणि तिथून पुढे चालत पत्रादेवीच्या बाजूने आत. हातात झेंडा, बाकी काही नाही, आणि निघताना सगळ्यांना बजावून सांगितलेलं की कितीही मारलं तरी हात उचलायचा नाही. बंदुकीच्या दस्त्याचा फटका डाव्या खांद्यावर बसला तो असा की पुढे मरेपर्यंत त्यांना तो हात डोक्याच्या वर नेता आला नाही. सदरा घालताना आजी बाही धरून उभी राहायची, हे मी लहानपणी रोज बघितलंय.

मागच्या महिन्यात घरी सगळे जमलो होतो तेव्हा विषय निघाला तर मामेभाऊ म्हणाला, आजोबांनी मार खाल्ला ते ठीक आहे पण गोवा घेतला तो मिलिटरीने, १९६१ ला, ३६ तासांत, मग आधीच पाठवायची ना, कशाला पोरांना मार खायला लावला. मला काही उत्तरच सुचलं नाही आणि तेव्हापासून ते मनातून जात नाहीये. दांडीला मीठ उचललं तर इंग्रज हादरले म्हणतात, मग गोव्यात तेच करून का नाही झालं? की मुळात अहिंसेने वसाहती जात नाहीतच आणि आपण उगाच शाळेत शिकलो? ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी प्लीज नीट सांगा, गांधी चांगले का वाईट हे भांडण इथे नको.

तेरेखोल:

दादा, तुमच्या आजोबांना आधी नमस्कार. १५ ऑगस्ट १९५५ ला त्या सीमेवर गोळीबार झाला आणि वीसहून जास्त निःशस्त्र माणसं गेली. आजोबा तिथून परत आले हे तुमचं नशीब.

आता प्रश्नाकडे. माझ्या मते दांडी आणि पत्रादेवी यांच्यात फरक मार खाणाऱ्यांच्या धैर्यात नव्हता, मारणारा कुणाला उत्तर द्यायला बांधलेला होता यात होता. दांडीनंतर धारासण्याला २१ मे १९३० ला मिठागरावर चालून जाणाऱ्या लोकांची डोकी फोडली तेव्हा वेब मिलर नावाचा अमेरिकन पत्रकार तिथे उभा होता, त्याने बातमी पाठवली आणि ती जगभर छापून आली. लंडनमध्ये निवडणुका होत्या, विरोधी पक्ष होता, पार्लमेंटमध्ये उठून विचारणारी माणसं होती. लिस्बनमध्ये हुकूमशहा सालाझार. पेपरवर सेन्सॉर, गुप्त पोलीस, विरोधी पक्ष नावालाच. पोर्तुगीज पोलिसांनी गोव्याच्या सीमेवर काय केलं हे सामान्य पोर्तुगीज माणसाला कळायचीच सोय नव्हती, मग लाज कुणाला वाटणार.

शिवाय १९५१ मध्ये पोर्तुगालने कायद्यात वसाहत हा शब्दच काढून टाकला आणि या सगळ्या जागांना सागरापलीकडचे प्रांत म्हणायला लागले. म्हणजे गोवा सोडला तर अंगोला आणि मोझांबिकचं काय, हा प्रश्न लगेच उभा राहणार. एवढ्याशा गोव्यासाठी सालाझार अडून बसला त्याचं मोठं कारण मला हे वाटतं.

आणि अजून एक गोष्ट, जी फार कमी लोक बोलतात. असहकार कुणी करायचा असतो? ज्याच्या हातांवर राज्य चालतं त्याने. तुमचे आजोबा सीमेच्या या बाजूने आत गेले, गोव्यातला कारकून, पोलीस, बंदरावरचा हमाल त्यांच्या हातात नव्हता. त्यांनी मार खाल्ल्याने पणजीतलं एकही ऑफिस बंद पडलं नाही. आत राहून हे करणारे होते, १८ जून १९४६ ला मडगावला राममनोहर लोहियांच्या सभेनंतर सुरू झालंच होतं, पण त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांसारख्या गोव्यातल्याच नेत्याला आठ वर्षांची शिक्षा देऊन थेट पोर्तुगालच्या तुरुंगात नेऊन टाकलं. नानासाहेब गोरे मे १९५५ मध्ये पहिल्या तुकडीबरोबर आत गेले तर दहा वर्षं ठोकली (१९५७ ला सुटले). सेनापती बापट तेव्हा ७४ वर्षांचे होते, तेही होते त्या तुकडीत. अशा शिक्षा लागत असतील तर आतल्या माणसांची संख्या वाढणार कशी.

कृष्णाकाठचा:

तेरेखोल यांचा प्रतिसाद छान आहे पण मला थोडं वेगळं मांडायचंय. इंग्रजांच्या बाबतीतही अहिंसेला जरा जास्तच श्रेय दिलं जातं असं माझं मत. महायुद्धाने ब्रिटन पार पिळून निघालं होतं, उलट त्यांनाच भारताचं शंभर कोटी पौंडांहून जास्त देणं झालेलं. आझाद हिंद सेनेवरचे खटले लाल किल्ल्यात सुरू झाले आणि देशभर आग पेटली, लगेच १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत नौदलाचं बंड. वर्षभराने, २० फेब्रुवारी १९४७ ला ब्रिटनचे पंतप्रधान अॅटली जाहीर करतात की आम्ही जून १९४८ च्या आत जातो. ज्या फौजेच्या जोरावर राज्य करायचं तीच आपली राहिली नाही हे कळलं म्हणून गेले. आमच्या सातारा भागात तर पत्री सरकार, म्हणजे नाना पाटलांचं समांतर सरकार होतं, लोक कोर्टात जायचे बंद होऊन नाना पाटलांच्या माणसांकडे न्याय मागायला जायचे, आणि ते काही सूत कातून झालं नव्हतं.

आजोबांबद्दल मनापासून आदर आहे, गैरसमज नसावा. पण तुमचा मामेभाऊ अगदीच चुकीचं बोलला असं मला नाही वाटत.

शाईचा_डाग:

@कृष्णाकाठचा, फौज आपली राहिली नाही म्हणून गेले हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण ती फौज हातची जायला सुरुवात कधी झाली? २३ एप्रिल १९३०, पेशावर, किस्साखानी बाजार. खुदाई खिदमतगारांचा (खान अब्दुल गफार खानांच्या अहिंसक अनुयायांचा) निःशस्त्र जमाव समोर उभा होता, गोळ्या खाऊन माणसं पडत होती तरी लोक हटत नव्हते, आणि गढवाल रायफल्सच्या शिपायांना गोळी घालायचा हुकूम झाला. चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी नकार दिला. समोरच्या जमावाच्या हातात बंदुका असत्या तर त्या शिपायांनी गोळी घातली असती, कारण मग प्रश्न स्वतःच्या जिवाचा झाला असता. निःशस्त्र माणूस समोर आल्यावरच शिपायाला विचार करायला जागा मिळते की मी हे कुणासाठी करतोय. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली पण पुढचे आठ-दहा दिवस पेशावर शहर इंग्रजांच्या हातात नव्हतं.

आणि नौदलाचं बंड सुरू कसं झालं तेही बघा ना. ‘तलवार’ या नौदलाच्या मुंबईतल्या तळावरच्या पोरांनी पहिल्या दिवशी बंदुका उचललेल्या नाहीत. निकृष्ट जेवणावरून जेवण नाकारलं आणि काम बंद केलं. तोफा वगैरे नंतर. म्हणजे तुम्ही जे उदाहरण अहिंसेच्या विरोधात देताय त्याची सुरुवातच असहकाराने झालीय. तुमच्या पत्री सरकारचा मोठा भागही तसाच, हत्यारं होती हे खरं, पण लोकांनी सरकारी कोर्टाकडे पाठ फिरवली नसती तर नुसत्या हत्यारांनी समांतर सरकार चाललं असतं का?

एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच सांगायचीय. इंग्रज सज्जन होते म्हणून अहिंसा चालली असं कुणी म्हणालं की मला खूप त्रास होतो. १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ लावला, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर चढवलं. त्याच्या महिनाभर आधी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे बाबू गेनू गेला. लॉरीपुढे आडवं पडणाऱ्या गिरणी कामगाराला तिथे सज्जनपणा कुठला दिसणार होता. इंग्रजांना नमवलं ते हिशेबाने. बारडोलीत १९२८ ला शेतकऱ्यांनी सारा भरायचा नाही म्हटल्यावर जमिनी जप्त केल्या, पण अख्खा तालुका एक झाल्यावर त्या विकत घ्यायला गावचा माणूस पुढे येईना, पटेल-तलाठी राजीनामे देऊन मोकळे. शेवटी चौकशी बसली आणि २२ टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांवर आली.

दर्यावर्दी:

मी थोडंच लिहितो, पोर्तुगालचा विषय निघालाच आहे म्हणून. ३ ऑगस्ट १९५९ ला पश्चिम आफ्रिकेतल्या पोर्तुगीज गिनीमध्ये बिसाव बंदरावर गोदी कामगारांनी पगारासाठी संप केला, पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि कित्येक कामगार तिथेच गेले. त्यानंतर अमिल्कार काब्राल यांच्या पक्षाने ठरवलं की आता सशस्त्र लढ्याशिवाय मार्ग नाही. त्याच्या उलट इंग्रजांच्या ताब्यातलं घाना बघा, १९५० ला तिथले नेते एन्क्रुमांनी संप आणि बहिष्काराची चळवळ केली, त्यांना तुरुंगात टाकलं, आणि १९५१ ला ते तुरुंगातूनच निवडणूक जिंकले. ६ मार्च १९५७ ला घाना स्वतंत्र. म्हणजे समोरच्याने मतपेटी उघडी ठेवलीय का, यावर बरंच अवलंबून. पोर्तुगालने सगळी दारं लावून घेतली आणि आफ्रिकेतल्या युद्धांनी त्यांचं स्वतःचंच सैन्य इतकं वैतागलं की १९७४ ला त्याच अधिकाऱ्यांनी लिस्बनमधली राजवट उलथवली. गोवा भारताचा हे पोर्तुगालने कागदावर मान्य केलं तेही त्यानंतरच.

तेरेखोल:

@खांद्यावरचा_झेंडा, मूळ प्रश्न राहिला, वाया गेलं का. त्या गोळीबारानंतर भारताने गोव्याशी संबंध तोडले, सीमा बंद केली, नाकेबंदी झाली. मुद्दा जगापुढे गेला तो असा, की एका बाजूला झेंडा घेतलेली माणसं आणि दुसऱ्या बाजूला गोळ्या. डिसेंबर १९६० मध्ये युनोने पोर्तुगालच्या ताब्यातले प्रदेश स्वशासन नसलेले म्हणून यादीत घातले, त्यात गोवा होता. १९६१ ला सैन्य गेल्यावर सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला तेव्हा आपण हा वसाहतीचा प्रश्न आहे असं ठामपणे म्हणू शकलो (ठराव रशियाच्या व्हेटोने अडला हेही खरं, सगळं श्रेय सत्याग्रहाला देत नाहीये). मामेभाऊ म्हणतो तसं सैन्य १९५५ लाच पाठवलं असतं तर ही जमीन तयार नव्हती. ती तयार करण्यात तुमच्या आजोबांचा खांदा आहे असं मी मानतो.

आणि ३६ तासांचं म्हणाल तर सालाझारचा हुकूम होता शेवटच्या माणसापर्यंत लढा. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो मानला नाही आणि शरण आले, म्हणून लवकर संपलं आणि गोवा उद्ध्वस्त व्हायचा वाचला. तिथेही एका माणसाने हुकूम नाकारलाच की.

खांद्यावरचा_झेंडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. पेशावरचं मला खरंच माहीत नव्हतं, दोनदा वाचलं. कृष्णाकाठचा, तुमचा राग अजिबात नाही, मामेभावाला हा धागा पाठवलाय, तुमच्या प्रतिसादावर तो खूश होणार.

आत्ता आईला फोन केला होता. ती म्हणाली, आजोबा त्या फटक्याबद्दल कधी बोलायचे नाहीत, पण त्यांच्या शेजारी चालणारा एक पोरगा पडला त्याचं नाव शेवटपर्यंत आठवायचा प्रयत्न करायचे. तो वाचला की गेला तेही त्यांना कळलं नाही. त्या दिवशी बांद्यावरून आत गेलेल्या तुकड्यांच्या याद्या कुठे बघायला मिळतात का? पत्रादेवीच्या स्मारकाला येत्या १५ ऑगस्टला आईला घेऊन जाणारच आहे, त्याआधी काही हाती लागलं तर बरं होईल.