"कॉन्स्ट्रेंट लावूच नका" म्हणणाऱ्यांसाठी

सातपूरकर: काल इथे एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसवर जाताना फॉरेन कीच्या भानगडीत पडूच नका. डेटा ओता, बाकी अ‍ॅप्लिकेशन सांभाळतं." वाचता वाचता चहा गार झाला. दोन्ही डेटाबेसच; आणि फॉरेन की हा त्यांतला एक कॉन्स्ट्रेंट, म्हणजे नियम: विक्रीच्या पट्टीवर जो शेतकरी लिहिलाय, तो शेतकऱ्यांच्या टेबलात असलाच पाहिजे. पिंपळगावच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याचा डेटा मी हलवला. जुनी टेबलं मायआयसॅममधली, म्हणजे मायएसक्यूएलच्या जुन्या स्टोरेज इंजिनातली. तिथे फॉरेन की लिहिली तरी इंजिन मुकाट्याने सोडून देतं. सगळे वर्षानुवर्षं "की आहे" म्हणून निर्धास्त! पोस्टग्रेसमध्ये लावायला गेलो, तर शेकडो पट्ट्यांना शेतकरीच नाही.

गोदाकाठी: सद्गृहस्थ हजर आहे. मायआयसॅम काय उकरून काढता? मायएसक्यूएल ५.५ पासून, म्हणजे २०१० पासून, फॉरेन की पाळणारं इनोडीबी इंजिन डिफॉल्ट आहे.

सातपूरकर: डिफॉल्ट नव्या टेबलांना हो! जुनी होती तशीच राहतात. आणि इनोडीबीतही फॉरेन की चेक्स बंद करून डंप, म्हणजे सगळ्या डेटाची फाईल, भरला की शेतकरी नसलेल्या पोरक्या ओळी आत. चेक्स परत चालू केले तरी आधीच्या ओळी कोणी तपासत नाही.

गोदाकाठी: आणि आधी की लावून भरलं, की पहिल्याच पोरक्या ओळीला लोड आडवा. रात्री अकराला बसलेला माणूस सकाळी व्यापाऱ्याला काय तोंड दाखवणार?

सातपूरकर: आधी भरा, मग लावा, याला कोण नाही म्हणतंय? तुम्ही "लावूच नका" लिहिलंत! नॉट व्हॅलिड घालून लावा. नव्या ओळी त्या क्षणापासून तपासल्या जातात, जुन्या सवडीने दुरुस्त करून व्हॅलिडेट करा. त्या कॉलमवर शोध जलद करणारा इंडेक्सही आठवणीने बनवा, इनोडीबीसारखा तो आपोआप मिळत नाही.

रात्रपाळी: एक विचारू? शेतकऱ्याच्या टेबलाची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची ओळख, काय होती?

सातपूरकर: ...मोबाईल नंबर.

रात्रपाळी: मग फॉरेन कीच्या नावाने कशाला रडता! आमच्याकडे दिंडोरीला एका घरात तीन सातबारे आणि मोबाईल एक. काकांच्या द्राक्षांचे पैसे वडिलांच्या खात्यावर आले. दिवाळीत कोणी कोणाकडे फराळाला गेलं नाही. साधा अनुक्रमांक द्यायला काय जातं?

गोदाकाठी: अनुक्रमांक दिला की एकच शेतकरी पाचदा घुसतो.

रात्रपाळी: मग तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ न देणारी वेगळी युनिक की लावा ना. एवढंही आम्हीच सांगायचं?

सातपूरकर: तीही जपून. मायएसक्यूएलच्या जुन्या कोलेशनमध्ये, म्हणजे अक्षरं जुळवायच्या नियमांत, बागेचा कोड कॅपिटल लिहा, स्मॉल लिहा, शेवटी स्पेस सोडा, एकच धरला जातो. पोस्टग्रेसच्या टेक्स्ट कॉलमला ते तीन वेगळे कोड.

कांदाभजी: आधार नंबरच की करा, विषय संपवा.

रात्रपाळी: म्हणजे प्रत्येक टेबलात आधार नंबर सांडलेला! वा, काय डोकं आहे!

गोदाकाठी: बरं बाबा, "लावूच नका" मागे घेतो. सातपूरच्या विद्यापीठाने पदवी द्यावी. पण काकांच्या पैशांचं काय झालं?

रात्रपाळी: दिले परत. काका अजून म्हणतात, पट्टी दाखव.