मे महिन्यात बन्नीतल्या मालधारींकडे दोन दिवस: काय तयारी करावी?

रंकाळाकर: मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं कोल्हापुरातून कच्छला निघतोय. तिथल्या बन्नीच्या गवताळ माळावर म्हशी राखणाऱ्या मालधारींच्या वांढीवर, म्हणजे वस्तीवर, राहायची सोय ओळखीतून झालीय. ऊन, पाणी, चपला, न्यायची भेट, सगळ्याबद्दल सांगा. ‘डिसेंबरात जा’ सोडून काहीही चालेल, सुट्टी आत्ताच आहे.

माळावरचा: महालक्ष्मीनं मुंबई गाठा, पुढं भुजला कच्छ किंवा सयाजीनगरी एक्सप्रेस. भुजहून पुढं ज्या गाडीनं जाल तिच्यात पेट्रोल भुजलाच भरा.

तिथं तुमचं नाही, म्हशींचं वेळापत्रक पाळायचं. बन्नीची म्हैस रात्री चरते. संध्याकाळी सुटते, पहाटे धारेला परत. म्हणून भुजहून अंधारातच निघा, धारा बघायला मिळतील. दहा ते पाच भुंग्यात, म्हणजे त्यांच्या गोल मातीच्या घरात, पडून राहा. जाड मातीच्या भिंती, बारक्या खिडक्या, वर गवताचं छप्पर, त्यामुळं लू, म्हणजे उन्हाळी गरम वारा, आत येत नाही. दुपारी फोटोसाठी बाहेर पडणारा हमखास आजारी पडतो.

जलसाठा: पिण्याचं पाणी माणशी रोज ६ लिटर धरा आणि भुजहूनच न्या. त्यांच्या विरड्यात, म्हणजे पाण्यासाठी खणलेल्या उथळ खड्ड्यात, पावसाचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगतं, जास्त उपसलं की खारं वर येतं. त्यात अंघोळीची हौस नको.

तहानेची वाट न बघता दर १५-२० मिनिटांनी अर्धा पेला घ्या. घाम गाळून नुसतं पाणीच ढोसलं की रक्तातलं मीठ उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं. लोकांना वाटतं ऊन लागलं, ते आणखी पाणी पितात. ओआरएसची पाकिटं ठेवा. ती संपली तर १ लिटर पाण्यात साखर ६ सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा. चमचा चहाचा, आणि मीठ अंदाजानं टाकू नका.

रंकाळाकर: कोल्हापुरी चालेल का? आणि गूळ न्यावा म्हणतोय.

माळावरचा: चप्पल भुंग्याच्या दारापर्यंत ठीक. बाहेर वेड्या बाभळीचे काटे बाजूनं घुसतात, बंद बूटच घाला. गूळ उन्हात पाझरतो; १ किलोची ढेप प्लास्टिकमध्ये गुंडाळून डब्यात ठेवा. सोबत चहापावडर. बायकांचे फोटो विचारल्याशिवाय नकोत.

रणाच्या कडेला गाडी वाटेबाहेर घालू नका. वर मिठाची कडक पापडी दिसते, खाली चिखल असतो, चाक रुततं.

दवाखाना_आठवण: बोलणं असंबद्ध झालं, तोल जाऊ लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर उष्माघात समजा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओतून वारा घाला, १०८ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलनं हा ताप उतरत नाही. रेंज कुठं येते, ते पोचल्याबरोबर विचारून ठेवा.

रंकाळाकर: आणि दूध?

जलसाठा: कोल्हापूरच्या गंगावेशीत धारोष्ण दूध पिणाऱ्याला हे पटणार नाही, पण उकळूनच मागा. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, ताप आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. चहा मात्र कितीही वेळा आला तरी घ्या.