मझ्दा एमएक्स-५ : दाराचे आतील पॅनेल कसे काढावे?

प्रश्न : माझ्याकडे १९९२ सालची मझ्दा एमएक्स-५ ही मोटार आहे. काचेच्या रुळांना ग्रीस लावायचे असल्याने दाराचे पॅनेल न मोडता कसे काढावे, हे कृपया सांगावे.

उत्तर : आधी आतील हँडलभोवतीचे आणि दार ओढायच्या पट्ट्याचे स्क्रू काढावेत, मग खालच्या कडेपासून प्लॅस्टिकचे चपटे हत्यार प्रत्येक क्लिपच्या अगदी शेजारी घालून हलकेच उचकटावे, कारण पॅनेलचा आधार दाबलेल्या पुठ्ठ्यासारखा असतो आणि ओलीने तो मऊ झाला असेल, तर क्लिप भोकासकट उपटून येते. शेवटी पॅनेल सरळ वर उचलावे.

उत्तर : काच वर-खाली करायला हाताने फिरवायची मूठ असल्यास पॅनेलआधी ती काढावी; मुठीमागची तारेची क्लिप तिथे फडके घालून घासल्यास निघते.

उत्तर : पॅनेलमागचा प्लॅस्टिकचा पडदा कृपया फाडू नये. दारात उतरलेले पाणी पॅनेलपर्यंत येऊ न देण्याचे काम तोच करतो.