भागीदारीतील दवाखाना आणि डॉक्टरांचा स्वतःचा आरोग्य विमा
प्रश्न : धंतोलीत आम्ही चार डॉक्टर भागीदारीत दवाखाना चालवतो. नोकरी सोडल्यापासून माझ्या कुटुंबाला विमा संरक्षण नाही आणि मला मधुमेह आहे. समूह विमा घ्यावा की वैयक्तिक?

उत्तर : डॉक्टर, आधी वैयक्तिकच घ्या. समूह विम्यात, म्हणजे साऱ्या गटासाठी मिळून घेतलेल्या एका पॉलिसीत, पूर्वीच्या आजारांनाही बहुधा पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळते हे खरे, परंतु भागीदारी सुटली की ते संरक्षणही सुटते. वैयक्तिक पॉलिसीत अशा आजारांसाठीचा प्रतीक्षा कालावधी, म्हणजे ज्या काळात त्या आजारांचे दावे मिळत नाहीत तो काळ, २०२४च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितके बरे. प्रस्ताव अर्जात मधुमेह, चालू औषधे, सारे स्पष्ट लिहा. लपवलेल्या आजारावरून दावे नाकारले जातात.

उत्तर : रुग्णालयातील खोलीभाड्यापोटी पॉलिसी जास्तीत जास्त किती रक्कम देते, ती मर्यादाही पाहावी. मर्यादेबाहेरची खोली घेतल्यास अनेक पॉलिसींत शस्त्रक्रियेच्या शुल्काच्या भरपाईलाही त्याच प्रमाणात कात्री लागते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. समूह विम्यावर तो आहे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मग परिचारिका व इतर कर्मचाऱ्यांचे काय?

उत्तर : त्यांच्यासाठी समूह विमा जरूर घ्या. त्यांना स्वतंत्र हप्ता परवडणे कठीण असते.